एकाच बाजूला फिरणारी पाट : माण तालुक्यातील एका शेळीगोठ्याचे प्रकरण

पार्श्वभूमी

सातारा जिल्ह्याच्या पूर्वेला, माण तालुक्यात ओढ्याकाठची ही वस्ती. चार एकर जमीन, बरीचशी मुरमाड. त्यातली एकच एकर विहिरीवर भिजते. घर चालते ते २६ शेळ्यांवर. बहुतेक उस्मानाबादी, चार-पाच गावठी. घरात नवरा-बायको, म्हातारी आई आणि आठ व पाच वर्षांची दोन मुले. ओळख पटू नये म्हणून गावाचे नाव आणि काही तपशील येथे बदलले आहेत.

गोठ्यावर तीन कुत्री. एक २२ किलोचा कारवानी नर, एक १६ किलोची गावठी कुत्री आणि तिचे चार महिन्यांचे पिल्लू. ही कुत्री हौसेची नाहीत. माळाला लांडगा आहे आणि राखणीला कुत्रे नसेल तर करडू रात्रीत जाते. पुढे जे निर्णय झाले ते ही गोष्ट लक्षात ठेवूनच वाचावे लागतात.

शेळ्या दिवसा माळाला आणि ओढ्याला चरत. संध्याकाळी शेवरी-सुबाभळीचा पाला आणि कडब्याची कुट्टी. शेड पत्र्याचे, दार दिवसभर उघडे. उन्हाळ्यात कुत्री गव्हाणीत झोपत, कारण तिथली माती ओलसर आणि गार. थंडीत तीच कुत्री कडब्याच्या गंजीवर. पाण्याचा हौद जमिनीलगत, त्यामुळे शेळ्या आणि कुत्री एकाच पाण्यावर.

शेळ्यांना पीपीआर (शेळ्या-मेंढ्यांचा प्लेग) आणि आंत्रविषाराच्या लसी वेळेवर टोचलेल्या होत्या, वर्षातून दोनदा जंताचे औषधही दिले जात होते. कुत्र्यांना रेबीजची लस होती. जंताचे औषध मात्र त्यांना कधीच दिलेले नव्हते, आणि ते का द्यायचे हे त्या घराला कोणी सांगितलेही नव्हते.

अडचण कशी समोर आली

जानेवारीत नऊ महिन्यांची एक पाट (अजून न व्यालेली तरुण शेळी) कळपातून मागे राहू लागली. मान किंचित डावीकडे कललेली. दोन दिवसांनी ती डावीकडेच गोल फिरू लागली. सोडली की फिरते, भिंत लागली की कपाळ टेकून उभी राहते. ताप नव्हता, चारा हळूहळू का होईना खात होती.

आईचे मत पडले की उसाचे हिरवे वाढे खाऊन विषबाधा झाली. मालकाने तोंड उघडून गूळपाणी पाजले. इथे पहिला धोका होता. चाल बिघडलेली, लाळ गाळणारी किंवा आवाज बदललेली शेळी पिसाळलेली असू शकते. कुत्रे चावल्याचा संशय असो वा नसो, निदान होईपर्यंत अशा जनावराच्या तोंडात हात घालू नये. या वेळी तसे काही निघाले नाही, पण ते नशीब होते.

तिसऱ्या दिवशी १९६२ या पशुवैद्यकीय मदत क्रमांकावर फोन केल्यावर पशुवैद्यक आले. गोल फिरणाऱ्या शेळीत त्यांच्यापुढे मुख्यतः चार शक्यता होत्या. सडक्या मुरघासातून (हवाबंद साठवलेल्या हिरव्या चाऱ्यातून) होणारा लिस्टेरिया हा जिवाणूंचा आजार, ज्यात ताप येतो, एका बाजूचा कान-ओठ लोंबतो आणि जनावर थोड्या दिवसांत आडवे होते. जीवनसत्त्व ब-१ ची कमतरता, ज्यात दोन्ही डोळ्यांनी दिसत नाही आणि मान आकाशाकडे ताठते. नाकातल्या माशीच्या अळ्या, ज्यात शिंका आणि शेंबूड असतो. आणि चौथी, मेंदूतली पाण्याची गाठ, जिला डॉक्टर ‘गिड’ म्हणतात.

या गोठ्यात मुरघास नव्हता, पण लिस्टेरिया निव्वळ तेवढ्यावर बाद होत नाही. म्हणून पाच दिवस प्रतिजैविक आणि ब-१ ची इंजेक्शने चालू केली. हा निर्णय बरोबर होता. ब-१ ची कमतरता असती तर एक-दोन दिवसांत फरक दिसला असता. फरक पडत नाही हीसुद्धा माहितीच असते. त्याच भेटीत डॉक्टरांनी पाटीच्या प्रत्येक डोळ्यासमोर हात झटकून पाहिला, वाऱ्याचा झोत डोळ्याला लागणार नाही अशा बेताने. डावा डोळा मिटला, उजवा मिटला नाही. उजव्या डोळ्याचे दिसणे मेंदूच्या डाव्या बाजूला उमटते. डावीकडे फिरणे आणि उजव्या डोळ्याने न दिसणे या दोन खुणा एकत्र आल्या, की डाव्या अर्ध्या मेंदूत काहीतरी जागा अडवून बसले आहे असे धरायचे.

सहाव्या दिवशी पाट उठेना. ती वाचणार नाही हे दिसत होते. मालकाला ती खाटकाला द्यायची होती, निदान तीन हजार तरी आले असते. डॉक्टरांनी दोन कारणे देऊन अडवले : इंजेक्शने चालू असलेल्या जनावराचे मांस खाण्यात जाऊ नये, आणि त्या डोक्यात जे आहे ते दुसऱ्या कुठल्या तरी कुत्र्याच्या पोटात जाईल. घरात यावर वाद झाला. शेवटी पाटीला वेदना न होता संपवून डोके तिथेच उघडले. डाव्या बाजूला कोंबडीच्या अंड्याएवढा पातळ पडद्याचा फुगा, आत स्वच्छ पाणी, आणि पडद्याला आतून चिकटलेले तांदळाच्या कणीसारखे पांढरे ठिपके. मालकाने तो फुगा हातात घेऊन पाहिला (हातमोजे घालून). पुढचे सगळे पटायला याचा जितका उपयोग झाला तितका कुठल्याही सांगण्याचा झाला नसता.

रोग येतो कुठून

त्या प्रत्येक पांढऱ्या ठिपक्यात एका पट्टकृमीचे डोके असते. असे डोके कुत्र्याच्या पोटात गेले की आतड्याला चिकटते आणि साधारण सहा आठवड्यांत त्याचा हातभर लांब चपटा जंत होतो. या जंताचे तुकडे कुत्र्याच्या विष्ठेतून बाहेर पडतात, काकडीच्या बीसारखे, कधी वळवळतानाही दिसतात. एकेका तुकड्यात हजारो अंडी. ती चाऱ्यावर, पाण्यात, गवतात मिसळतात. शेळीने ती खाल्ली की आतड्यात अंड्यातून सूक्ष्म अळी निघते, रक्तातून मेंदूत पोहोचते आणि तिथे फुगा धरते. फुगा लक्षणे दिसण्याइतका व्हायला दोन महिन्यांपासून सात-आठ महिने लागतात. शेळी मेली, तिचे डोके कुत्र्याने फोडले, की फेरा पूर्ण.

म्हणजे हा रोग एका शेळीकडून दुसऱ्या शेळीला होत नाही. मध्ये कुत्रे लागतेच. लांडगा-कोल्ह्याकडूनही तो फिरू शकतो, पण गोठ्यात झोपणाऱ्या कुत्र्याइतकी अंडी गव्हाणीत दुसरे कोणी आणून टाकत नाही.

मग जुना हिशेब निघाला. आदल्या वर्षी फेब्रुवारीत आठवडी बाजारातून आणलेली एक शेळी मे महिन्यात अशीच फिरून मेली होती. ती ओढ्यात टाकली होती. कुत्र्यांनी ती दोन दिवसांत संपवली. मे महिन्यात डोके खाल्ले, जूनअखेर कुत्र्यांतून अंडी पडू लागली, पाऊस सुरू झाला. ओल आणि सावली असेल तर ही अंडी महिनोन्‌महिने टिकतात. कडक कोरड्या उन्हात लवकर मरतात. जुलै-ऑगस्टमध्ये कोवळी करडे चरायला लागली आणि जानेवारीत पहिली पाट फिरली. हिशेब चोख बसतो. पुरावा म्हणाल तर एवढाच, की दोन्ही मोठ्या कुत्र्यांच्या विष्ठेत पट्टकृमीची अंडी सापडली. सूक्ष्मदर्शकाखाली या जातीची अंडी आणि माणसाच्या यकृतात-फुप्फुसात पाण्याच्या गाठी करणाऱ्या हायडॅटिड जंताची अंडी सारखीच दिसतात. घरात पाच वर्षांचे मूल कुत्र्याच्या पिल्लाशी दिवसभर खेळत होते. त्यामुळे अंडी नेमकी कोणाची याची वाट न पाहता उपाय दोन्हींना पुरेल असाच करायचे ठरले.

पर्याय

कुत्री काढून टाकावीत, हे शेजाऱ्यांनी सुचवले. ते बाद झाले. लांडग्याचे कारण आहेच; शिवाय राखणीची कुत्री गेली की त्या जागी भटकी येतात, आणि त्यांच्या पोटात काय आहे यावर कोणाचाच ताबा नसतो.

सगळ्या शेळ्यांना जंताचे औषध पाजावे, हा मालकाचा पहिला विचार. शेळीच्या पोटातले जंत त्याने जातील, मेंदूतला फुगा नेहमीच्या मात्रेने जात नाही. मोठ्या मात्रेचे उपचार आहेत, पण फुगा आत मरून सूज आली तर जनावर त्यानेच दगावू शकते. शिवाय कळपात तेव्हा नुकत्याच फळलेल्या सहा शेळ्या होत्या, आणि अल्बेंडाझोल हे जंताचे औषध गाभणपणाच्या पहिल्या महिन्यात दिले तर पिल्लात व्यंग येण्याची भीती असते. लसीचे म्हणाल तर शेळ्यांना यासाठी टोचायची लस बाजारात मिळत नाही.

शस्त्रक्रिया हा पर्याय प्रत्येक शेळीपुरता वेगळा तोलावा लागला. शिरवळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय शंभरेक किलोमीटरवर. जीपभाडे, माणसाची मजुरी आणि प्रवासाचा ताण धरता आठ-दहा हजारांच्या शेळीसाठी जायचे की नाही, याचे एकच उत्तर नाही. कवटी मऊ लागत असेल तर गाठ वर आहे आणि काढता येण्याची शक्यता चांगली. कवटी टणक, पण जनावर लडखडते आहे, तर गाठ खोल किंवा मागच्या लहान मेंदूत असू शकते. तिथे खर्च करण्याआधी दहादा विचार करावा.

राहिला तो कुत्र्याच्या पोटातला जंत मारायचा आणि कुत्र्याला कच्चे डोके मिळूच द्यायचे नाही, हा मार्ग. स्वस्त आहे. पण त्याचे फळ सात-आठ महिने दिसत नाही, आणि याच गोष्टीने पुढे घोटाळा केला.

काय केले

पहिले औषध चुकले. मालकाने आधी मेडिकलमधून ‘कुत्र्याच्या जंताचे’ म्हणून आयव्हरमेक्टिन आणून दिले होते. ते गोल जंतांवर चालते, पट्टकृमीला काहीही करत नाही. लागते ते प्राझिक्वांटेल, वजनाच्या किलोमागे ५ मिलिग्रॅम, एका वेळी. बाजारात कुत्र्यांसाठी दोन-तीन औषधे एकत्र असलेल्या ज्या गोळ्या मिळतात त्यांतल्या पुष्कळशा गोळ्यांत ५० मिलिग्रॅम प्राझिक्वांटेल असते, म्हणजे १० किलोला एक गोळी. पाकिटावर आकडा वाचूनच घ्यावी.

वजन अंदाजाने धरले तर हमखास कमी धरले जाते. कांद्याच्या ताणकाट्याला गोणपाटाची झोळी बांधून कुत्री तोलली. नराला सव्वादोन गोळ्या, मादीला हिशेबाने १.६, म्हणून पावणेदोन, पिल्लाला ६ किलोला पाऊण. या औषधात थोडे वर जाणे चालते, खाली राहणे चालत नाही. गोळी ताकातल्या भाकरीत दिली तर नर ती चाटून बाजूला काढी; उकडलेल्या अंड्यात दाबून दिली तेव्हा गेली.

यापुढचे काम लोक सोडून देतात. औषधाने जंत मरतो, पण त्यातली अंडी मरत नाहीत. उलट दोन दिवसांत ती एकदम बाहेर पडतात. म्हणून औषध दिल्यापासून ४८ तास तिन्ही कुत्री शेडपासून चाळीस पावलांवर, लिंबाखाली साखळीने बांधली. जागा मुद्दाम उघडी, मुरमाची निवडली. विष्ठा फावड्याने गोळा करून तुरकाट्यांवर जाळली, आणि शेवटी त्या जागेवरही काट्या पेटवल्या.

पुढची फेरी दर सहा आठवड्यांनी. जंताला अंडी घालायला जेवढा वेळ लागतो त्याच्या आत गोळी पडली, की मधल्या काळात कुत्र्याने चोरून काही खाल्ले तरी अंडी सहसा बाहेर पडत नाहीत. तिन्ही कुत्र्यांचा एका फेरीचा खर्च तीनशे रुपयांच्या आसपास.

खाण्याचा बदल घरातल्या बाईने हातात घेतला. यात्रेला किंवा पाहुण्यांसाठी बोकड पडला की मुंडीचे जे उरेल ते, आणि फुप्फुस-काळजाचे टाकाऊ तुकडे कुत्र्यांना जात. सासूचा प्रश्न रास्त होता : “कुत्र्याला न्हाय घालायचं तर मग टाकायचं कुठं?” उत्तर असे ठरले की कवटी फोडून, तुकडे करून, पाणी उकळायला लागल्यापासून पाऊण तास चुलीवर शिजवायचे आणि मगच घालायचे. अख्खी मुंडी उकळली तर बाहेर शिजते, आत भेजा कोमट राहतो. म्हणून फोडणे महत्त्वाचे.

मेलेल्या जनावरासाठी खड्डा आधीच खणून ठेवला. मुरमात ऐन वेळी सहा फूट खणले जात नाही. दोन फुटांवर पहार थांबते आणि मढे ओढ्यात जाते. शेजारी विहिरीच्या गाळासाठी जेसीबी आला होता, त्याच्याकडून अर्ध्या तासात सहा फुटांचा खड्डा काढून घेतला, तोंडावर बाभळीच्या फांद्या. चुन्याची एक गोणी शेडमध्ये, प्लास्टिकमध्ये गुंडाळून. पुरताना जनावरावर चुना, निदान तीन फूट माती आणि वर दगड, नाहीतर तीच कुत्री उकरून काढतात.

गव्हाणीला दीड फुटांवर आडव्या बांबूंची चौकट आली, शेळीचे तोंड जाईल पण कुत्रे आत चढणार नाही अशी. हौदाभोवती दोन फुटांचा कठडा बांधला. कडब्याच्या गंजीला जुन्या मासेजाळीचे कुंपण केले. मेथी-कोथिंबिरीचा वाफा घरामागे होता आणि कुत्र्यांची बसायची जागाही तीच. वाफ्याला काटेरी कूड घातली, पाला तीन पाण्यांत धुऊन घ्यायचे ठरले. मुलांनी जेवणाआधी साबणाने हात धुवावेत आणि पिल्लाला तोंड चाटू देऊ नये, यासाठी आईच्या मागे लागण्याने जे झाले ते कोणत्याही औषधाने झाले नसते.

दुसरी शेळी

फेब्रुवारीत तीन महिने गाभण असलेली एक शेळी डावीकडे फिरू लागली. शिंगामागे अंगठा दाबला की कवटी पत्र्याच्या डब्यासारखी आत जाई. तिला महाविद्यालयात नेले. भुलीचे झायलाझिन शेळीला कमी मात्रेतही जोरात लागते आणि गाभण असेल तर गर्भाशय आखडण्याची भीती असते, म्हणून ते टाळून जागा बधिर करून काम केले. बधिर करायचे लिग्नोकेनही शेळीला फार सोसत नाही, त्यामुळे ते वजनावर मोजून दिले. रुपयाच्या नाण्याएवढे छिद्र पाडून आधी सिरिंजने पाणी ओढले, मग रिकामा झालेला पडदा चिमट्याने पीळ देत अखंड बाहेर काढला. घाईने ओढला तर तो फाटतो.

घरी आणल्यावर दहा दिवस वेगळी, माश्या बसू नयेत म्हणून मच्छरदाणीत. बारा दिवसांनी ती सरळ चालू लागली. वेळेवर व्याली, दोन करडे. उजव्या डोळ्याने आजही तिला कमी दिसते, म्हणून गव्हाणीत तिची जागा उजव्या टोकाला, भिंतीकडे.

काय बिघडले

मार्चमध्ये तिसरी शेळी गेली. मे महिन्यात चौथे प्रकरण एका बोकडात दिसले. कुत्र्यांना दोन फेऱ्या औषध होऊनही शेळ्या फिरतातच, म्हणजे औषध निकामी, असे मालकाने धरले आणि तिसरी फेरी सोडली. त्याच वेळी कांदा काढणी होती. दोन गोळ्यांमध्ये अकरा आठवडे गेले आणि मादीच्या विष्ठेत पुन्हा पांढरे तुकडे दिसले. ती ओढ्यापलीकडच्या वस्तीवर जात होती, आणि तिथे मेलेली जनावरे अजून उघड्यावरच पडत.

चूक समजुतीची होती, आणि ती आधीच टाळता आली असती. मार्च-मेमधल्या शेळ्यांनी अंडी आदल्या पावसाळ्यात खाल्लेली होती. पहिल्या गोळीनंतर निदान आठ महिने जुनी प्रकरणे निघतच राहणार, हे पहिल्याच दिवशी कॅलेंडरवर लिहून द्यायला हवे होते. ते जूनमध्ये लिहिले : गोळीच्या तारखांभोवती लाल गोल, आणि सप्टेंबरअखेरच्या पानावर “इथपर्यंत जुने निघू शकते”. मादी संध्याकाळी बांधायला सुरुवात केली. पलीकडच्या वस्तीच्या दोन कुत्र्यांच्या गोळ्यांचे पैसेही याच घराने दिले. मालकाला ते जड गेले, पण त्याच्या मादीचे जाणे-येणे पाहता दुसरा मार्ग नव्हता.

निकाल

एकूण पाच शेळ्यांना रोग दिसला : तीन दगावल्या किंवा संपवाव्या लागल्या, एक शस्त्रक्रियेने वाचली. पाचवी ऑगस्टमध्ये निघाली. लक्षणे सौम्य असल्याने ती वेगळी ठेवली आणि पुढे तिचीही कवटी मऊ लागल्यावर शस्त्रक्रियेला नेली, पण गाठ खोल निघाली आणि ती तिथेच गेली. सप्टेंबरनंतर पुढचे चौदा महिने एकही नवी शेळी फिरली नाही. त्या काळात जन्मलेली १७ करडे ठीक आहेत. कुत्र्यांच्या विष्ठेचे तीन नमुने तपासले, तिन्हींत अंडी नाहीत. कळप लहान आहे आणि त्यातला एक पावसाळा कमी पावसाचा होता, त्यामुळे सगळे श्रेय गोळ्यांना देता येणार नाही.

वेगळे काय करता आले असते

मे महिन्यातली ती पहिली शेळी. बाजारातून आणून तीन महिन्यांत फिरून मेलेल्या शेळीचे डोके उघडून पाहिले असते, किंवा नुसते पुरले असते, तरी पुढच्या पाच शेळ्यांपैकी बहुतेक वाचल्या असत्या. पाचव्या शेळीचा प्रवासही टाळता आला असता. तिची कवटी एका ठिकाणी मऊ होती, पण ती अडखळत होती, आणि अडखळण्याकडे कमी लक्ष दिले गेले. मुलांची पोटाची सोनोग्राफी सुरुवातीलाच करून घ्यायला हवी होती. ती वर्षभराने झाली, गाठ कुठे नाही. पण हायडॅटिडची गाठ वर्षानुवर्षे सावकाश वाढते, म्हणून दोन वर्षांनी पुन्हा करायची तारीखही आता त्याच कॅलेंडरच्या मागच्या पानावर लिहिलेली आहे.